तेलातला भंडारा

विषय : इंजिनाच्या तेलात आढळलेल्या पिवळ्या चकाकीबाबत.
संदर्भ : पाणीपुरवठा सोसायटीचे डिसेंबर १९६३चे दोन अर्ज.

उपरोक्त विषयातलं इंजिन मीच बोलतोय. वडगाव रासाईला भीमेच्या काठी, पत्र्याच्या खोलीत मला चार बोल्टांनी ओट्याला जखडलंय. सोसायटीचं दप्तर याच खोलीत असतं आणि सभाही इथंच भरतात. म्हणून माझी भाषा अशी झाली. धूर मात्र मी सभासदांपेक्षा कमी सोडतो.

सात वर्षांपूर्वी मी मालगाडीनं दौंडला उतरलो आणि बैलगाडीनं इथं आलो. माझ्या स्वागताचा हार चेअरमन पोपटराव आप्पांच्या गळ्यात पडला. मला चालवायला हौसराव मिळाला. तो हँडल मारून मला सुरू करतो आणि माझ्या चाकापासून दोन हातांवर पोतं टाकून बसतो. पाणी चालू असेपर्यंत हलत नाही.

खंडेनवमीला माझी पूजा होते. यंदा हौसरावनं तेल भरायला झाकण काढलं आणि तेवढ्यात आप्पांनी भंडारा उधळला. निम्मी मूठ सरळ माझ्या पोटात गेली. शुभ झालं, असं सगळे म्हणाले. मला विचारण्याची पद्धत नाही.

दिवाळीनंतर माझ्या आत टकटक सुरू झाली. आवाज माझाच होता, पण कुठून येतो ते मला कळेना. स्वतःच्या अंगातली भीती अशी असते. हौसरावनं तेल परातीत काढलं, तर त्यात पिवळी चकाकी. सभा भरली. हा खंडेनवमीचा भंडाराच, असं एकमतानं ठरलं. देव इंजिनात उतरलाय, असं आप्पांनी सांगितलं. तेल फडक्यानं गाळून पुन्हा माझ्यात ओतलं. टकटक वाढली.

हौसरावची बायको पुतळाबाई भाकरी घेऊन आली, ती दारातच थांबली. ह्याचा आवाज असा नव्हता, एवढंच म्हणाली. सभेतल्या अकरा जणांना ऐकू न आलेलं तिला ऐकू आलं होतं. तिनं दौंडला निरोप धाडला.

रविवारी प्रार्थना आटोपून गिदोनमामा आले. रेल्वेच्या शेडमधले जुने फिटर. त्यांनी तेल काढून चकाकीला लोहचुंबक लावलं. काही चिकटलं नाही.

"बघा, मिस्त्री. लोखंड न्हाई," आप्पा म्हणाले.

"पितळबी चिकटत न्हाई, आप्पा."

ख्रिस्ती माणूस देवाच्या भंडाऱ्याला पितळ म्हणतो, हे काहींच्या कपाळावर स्पष्ट लिहिलेलं दिसलं. गिदोनमामांनाही ते वाचता आलं असावं. आवाज न चढवता ते म्हणाले, "जरा चुन्याची डबी द्या, आप्पा. आन् चिमूटभर भंडारा."

तेलातले कण त्यांनी रॉकेलमध्ये धुतले आणि कोरडे करून उजव्या तळव्यावर घेतले. आप्पांचा भंडारा डाव्या तळव्यावर. दोन्हींवर ओला चुना लावून बोटानं चोळला. हळदीला चुना लागला की काय होतं, ते कुंकवाच्या घरात सांगावं लागत नाही. डावा तळवा लालभडक झाला. उजव्यावरचे कण चुन्यातून पिवळेच चमकत राहिले.

"पिस्टनच्या पिनेभोवतीचा पितळी बुश झिजतोय," गिदोनमामा म्हणाले. "आसंच चालवलं तर आतला दांडा तुटून अंग फोडून भाईर यील. आन् हौसराव तिथंच बसतो."

हौसरावनं पोतं उचललं आणि दाराशी नेऊन टाकलं. मला जागा हलवता येत नाही.

आप्पा दारातून गव्हाकडं बघत राहिले. "एकच पाणी देऊ," म्हणाले. "मग हाय की दुरुस्ती." माणसांचं हे 'एकच' मी सात वर्षं ऐकतोय. त्यानंतर नेहमी दुसरं असतं.

दाराशी उभी असलेली पुतळाबाई आत आली. कोपऱ्यातलं हँडल उचललं, पदराखाली घेतलं आणि घरी गेली. ते बाजरीच्या कणगीत आहे असं कळतं. मागायला गेलेल्या पंचांना तिनं उंबऱ्यातूनच उत्तर दिलं, "बुश आणा, हँडल न्या."

त्यावर सोसायटीनं दोन अर्ज केले. एक कंपनीला, नवा बुश मिळणेबाबत. दुसरा ग्रामपंचायतीला, पुतळाबाईंकडून हँडल परत मिळणेबाबत. पहिला आधी मंजूर झाला तर मी वाचेन. दुसरा झाला तर गव्हाला एक पाणी मिळेल.

आज रोजी दोन्ही अर्ज प्रलंबित आहेत.