घोडपदेवचा तो शुक्रवार

मी देवीची लस न्यायचा थर्मास बोलतोय. गोड बोलणार नाही, आधीच सांगतो.

माझा मालक डॉ. श्यामकांत विजयकर, गिरगावचा. छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरणगाव पेटलं होतं, लालबागला संचारबंदी होती. पोलीस अडवायचे. हा मला उंच धरायचा, "लस आहे, सोडा!" म्हणायचा आणि सरळ आत घुसायचा. तेव्हा मला त्याचा केवढा अभिमान वाटायचा!

घोडपदेवच्या एका चाळीत शेवंतीच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा होता. तिच्या थोरल्या मुलाला देवी आल्या होत्या. धाकटी शांता आईचा पदर धरून उभी.

"घरात देवी इली आसा. सुई नको," शेवंती म्हणाली.

डॉक्टरने वाद घातला नाही. चपला काढल्या, डहाळ्याला हात जोडले आणि उंबऱ्याबाहेर बसून राहिला. तासाभराने ती नरमली.

"शुक्रवारी पूजा झाल्यार येवा. पण शांताक तुमीच टोचा. दुसऱ्याचो हात नको."

"मीच येतो," त्याने शब्द दिला.

आणि शुक्रवारी साहेब दिल्लीला! परदेशातल्या मोठ्या नोकरीची मुलाखत. मला नर्स दुर्गाबाईंच्या हाती दिलं. "तुम्ही घ्या सांभाळून." काय कपाळ सांभाळणार? शेवंतीने दुर्गाबाईंना दारातूनच परत पाठवलं आणि डॉक्टरची वाट बघत बसली. पंधरवड्यात शांताला देवी आल्या. जीव वाचला, दोन्ही डोळे गेले.

विजयकर मात्र चढत गेला. जिनिव्हा काय, परिषदा काय! एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन देशांना त्याने लशीसाठी एका टेबलाशी बसवलं. खोटं कशाला बोलू, हजारो पोरं वाचली असतील. भाषणाला तो मला सोबत न्यायचा, समोर ठेवायचा. दर भाषणात त्या उंबऱ्याची गोष्ट असायची, शुक्रवारची कधीच नाही! अस्सा संताप व्हायचा!

परवा महाराष्ट्र झाल्याच्या आनंदात गिरगावात त्याचा सत्कार झाला. मलाही हार घातला. तेवढ्यात शेवंती शांताचा हात धरून पुढे आली.

"त्या शुक्रवारी तुमी खंय होतास?"

"दिल्लीला... मुलाखत होती," तो पुटपुटला.

"मगे? पास झालास ना?"

जगभर बोलणारा तो माणूस गळ्यातला हार उतरवू लागला. कुणीतरी म्हणालं, "बाई, खाली बसा."

आता मला काचेच्या कपाटात ठेवणार आहेत. पाटीवर त्याचं नाव हवं तेवढं मोठं लिहा. पण खाली शांताचंही लिहा, आणि तो शुक्रवारही. तेवढी छाती नसेल तर मला आत्ताच फोडून टाका. खोटी साक्ष द्यायला मी त्या कपाटात उभा राहणार नाही.