परक्या घराचा उंट

हंबीररावांनी उंट टक्कन पटावर ठेवला आणि ते ऐटीत खुर्चीत रेलले.

"सोडून दे की रे परसू. एक उंट आणि एक प्यादं जास्त आहे माझं. उगीच आनेकलची बस चुकेल तुझी."

परसू हसला नाही. "बरोबरी करूया का, अण्णा?"

"बरोबरी? वा रे वा! जिंकलेला डाव सोडायला मला काय वेड लागलंय?"

जयनगरच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये हशा पिकला. परसू अर्ध्या गुणाने पुढे होता, म्हणजे बरोबरी झाली की चषक त्याचा. शेजारी हंबीररावांची नात स्मृती प्रत्येक चाल वहीत उतरवत होती. आमचे अज्जा कधी हरत नाहीत, असं वर्गभर सांगून आली होती पोरगी.

परसूचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला. हंबीररावांनी शह दिला, प्यादं पुढे सारलं, पण राजा कोपरा नि शेजारचं घर सोडेना. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. प्याद्याचा वजीर व्हायचा ते कोपऱ्यातलं घर काळं, आणि यांचा उंट फिरणार पांढऱ्या घरांतून. मग राजाला तिथून हुसकावणार कोण? जन्मभर खेळले तरी बरोबरीच! वीस वर्षांपूर्वी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, सुपरवायझर असताना, परसूला हे त्यांनीच शिकवलं होतं. "कडेचं प्यादं नि परक्या घराचा उंट, असली श्रीमंती काय चाटायची?" आज स्वतःच विसरले, आणि वर त्यालाच चारचौघांत हिणवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना.

परसूने एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग राजा कोपऱ्यात परत नेण्याऐवजी उलट्या बाजूला सरकवला.

हंबीररावांचा हात हवेतच थांबला. एवढंच म्हणायचं होतं, "परसू, चाल परत घे." त्यांनी प्यादं ढकललं. पुढच्याच चालीला वजीर झाला. टाळ्या वाजल्या.

"अज्जा," स्मृतीने वहीवर बोट ठेवलं, "परसूमामांनी राजा बाहेर का काढला?"

चषक हातात आला होता. हंबीररावांना तिच्याकडे बघवेना.

"चुकला तो."

पोरगी वही घेऊन तडक दाराशी गेली. परसू चपला घालत होता.

"मामा, तिथे राजा कोपऱ्यातून हलवायचा नसतो. अज्जांकडून शिकून घ्या ना."

परसू उकिडवा बसला. तिने दाखवलेली चाल त्याने नीट बघितली.

"सरी, अक्का, बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "त्यांनी शिकवलं होतं की. मीच विसरलो."