हजारापुढचे फोटो

दुपारी सव्वाचारला द्वारकाबाईंचा हंडा नळाखाली आला. द्वारकाबाई तिथं नव्हत्या.

ही गोष्ट मे २०२४ मधली. चितेगावजवळ पैठण रस्त्याला लागून टँकर भरण्याचं एक खासगी केंद्र होतं. त्या उन्हाळ्यात संभाजीनगरच्या कडेनं वाढलेल्या नव्या वसाहतींना पाणी नेणारे टँकर दिवसभर तिथं ये-जा करत. फाटकाशेजारचा एक नळ केंद्राच्या मालकानं मजुरांच्या खोल्यांसाठी मोकळा सोडला होता. त्या नळावर माणसं रांगेत उभी राहत नसत, भांडी ठेवत. रांग सरकली की मागच्यानं पुढचं भांडं पायानं ढकलायचं. भांडं रांगेत आहे म्हणजे त्याचं माणूस जवळपास आहे, असं सगळे धरून चालत.

द्वारकाबाईंचा हंडा स्टीलचा होता, गळ्याशी त्यांचं नाव कोरलेलं. सकाळपासून तो असाच सरकत आला होता.

"कौतिके, सासूचा नंबर लागला गं," मागची बाई म्हणाली. "सासू कुठंय? का हंड्यालाच पाठवलं तिनं?"

"असंल सावलीला," सून म्हणाली. "कोणाला तरी म्हशीची गोष्ट सांगत बसली असंल."

"म्हैस इकून तीन म्हैने झाले की."

"म्हैस इकली, गोष्ट ऱ्हायली ना."

बायका हसल्या. कौतिकानं हंडा भरला आणि खोलीवर नेला. सांडू, द्वारकाबाईंचा एकुलता एक मुलगा, संध्याकाळी कंपनीतून परत आला तेव्हा हंडा ओट्यावर झाकून ठेवलेला होता. त्यानंतर शोध सुरू झाला.

द्वारकाबाई देवगाव रंगारीच्या. वय पासष्टच्या पुढं. फेब्रुवारीत गावातली विहीर आटली, तेव्हा सांडूनं म्हैस विकून त्यांना चितेगावला आणलं. घराला कुलूप लावलं. किल्ली सांडूनं मागितली, तर त्या म्हणाल्या, "घर माझं हाय, किल्लीबी माझ्याजवळच ऱ्हाईल." तेव्हापासून ती त्यांच्या कमरेच्या पिशवीत होती. हल्ली त्या विसरत होत्या. म्हैस विकल्याचं विसरत, ती तहानलेली असेल एवढं आठवत.

केंद्राच्या फाटकावर कॅमेरा होता. काही हललं की तो एक फोटो काढून सर्व्हरवर पाठवी. तिथं प्रत्येक तारखेचं एक फोल्डर होतं आणि प्रत्येक फोटोला वेळेचं नाव. पोलिसांनी दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या संगणकावर ते फोटो पाहिले. सांडू शेजारी उभा होता. सकाळी द्वारकाबाई हंडा घेऊन येताना दिसल्या. दुपारी एकनंतरच्या एका फोटोत त्या फाटकापासून डावीकडे, शेतांच्या बाजूला जाताना दिसल्या. दोनच्या थोडं आधी यादी संपत होती. लाइट गेली असेल, असं केंद्राचा मॅनेजर म्हणाला. लाइट रोजच जात होती, त्यामुळे कोणी पुढं विचारलं नाही.

डावीकडे शेतं होती, दोन जुन्या विहिरी आणि त्यापलीकडे कालवा. शोध तिकडे झाला. विहिरींत गळ टाकले. कालवा कोरडा होता, तोही चालून पाहिला. देवगावला फोन केला, शेजाऱ्यानं कुलूप असल्याचं सांगितलं. पंधरवडा असाच गेला.

फोटोंची ती व्यवस्था शहरात गुलमंडीतल्या एका कापड दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांतून चालत होती. त्या व्यवसायाचा मालक विश्वजित. प्रोग्रॅम लिहिणारी आमरीन, किराडपुऱ्यातली, नोकरीचं तिसरं वर्ष. सांडू तिथं आला तो सकाळी, दुकानं उघडत असताना. हातात कंपनीचा डबा होता. सुट्टी संपली होती, इथून तो थेट ड्यूटीवर जाणार होता.

"मॅडम, मायचा एक फोटू पाहिजे व्हता," तो म्हणाला. "हंडा घिऊन येती तो. त्या लुगड्यातला दुसरा फोटू नाय आमच्याजवळ. पत्रकावर छापायचाय."

आमरीननं त्याला खुर्ची दिली. "भाऊ, ते फोटो गेले असतील. पंधरा दिवस झाले की त्या तारखेचं फोल्डर आपोआप साफ होतं. जागा पुरत नाही ना."

"एकबी नाय ऱ्हायला?"

"नाही राहत. थांबा, दाखवते."

तिनं संगणकावर फोटोंचं पान उघडून तारीख टाकली. फोल्डर रिकामं आहे असा संदेश येणार होता. आली नावांची यादी. पहिलं नाव दुपारी दोनच्या थोडं आधीचं, शेवटचं रात्रीचं.

आमरीननं पान पुन्हा उघडलं. तीच यादी आली.

तिला समजायला वेळ लागला नाही. ब्राउझरला सर्व्हरवरचं फोल्डर थेट दिसत नाही. पान सर्व्हरवरच्या एपीआयला, म्हणजे मध्यस्थ प्रोग्रॅमला, विचारतं, या फोल्डरमध्ये काय काय आहे; एपीआय साठवणुकीच्या सेवेकडून नावं आणून पानाला देते. ही सेवा एका वेळी हजारच नावं द्यायची. त्याहून जास्त असली तर यादीच्या शेवटी एक खूण जोडून द्यायची. ती खूण दाखवून पुन्हा विचारलं की पुढची नावं मिळत. आमरीनच्या कोडनं नावं घेतली होती आणि खूण सोडून दिली होती. तिनं ते लिहिलं तेव्हा पावसाळा होता. केंद्रावर दिवसाला मोजके टँकर यायचे, फोटो दोनशेच्या वर जात नव्हते. चाचणीत सगळं बरोबर आलं होतं. या उन्हाळ्यात हजार फोटो दुपारीच भरत होते.

जुने फोटो पुसणारा प्रोग्रॅमही तिनंच लिहिला होता. तो त्याच एपीआयला नावं विचारायचा. त्यानं पंधराव्या दिवशी फोल्डरला एकदाच हात लावला, त्याला सांगितलेली हजार नावं पुसली आणि तो निघून गेला. उरलेले फोटो कोणाच्या यादीत नव्हते म्हणून राहिले होते.

"हाय का एखांदा?" सांडूनं विचारलं.

"सकाळचा नाही," आमरीन म्हणाली. "दुपारनंतरचे आहेत."

"दुपारनंतर तर लाइट गेलती."

"नव्हती गेली."

सांडू स्क्रीनकडे पाहत राहिला. "म्हंजी हे तवाबी व्हते?"

"होते."

"मंग आम्हाला दावले का नाय?"

"यादीत येत नव्हते. चूक माझी आहे. मी लिहिलेल्यात चूक होती."

आतल्या खोलीतून विश्वजित बाहेर आला होता. त्यानं दोघांकडे पाहिलं. "आमरीन, जरा आत ये."

"इथंच बोला सर."

"अरे, बात समझ. पोलिसांना सांगू की आपण रिकव्हर केले. खोटं काय त्यात? सापडले ना शेवटी?"

"रिकव्हर नाही केले. ते गेलेच नव्हते."

"मग तेवढं तरी दुरुस्त कर आधी. बाकीच्या गिऱ्हाइकांनी बघायच्या आत."

आमरीननं आधी पुसणारा प्रोग्रॅम बंद केला. मग त्या फोल्डरमधले फोटो दुसरीकडे उतरवले. मग पहिला फोटो उघडला. सांडूनं डबा टेबलावर ठेवला आणि खुर्ची पुढं ओढली.

टँकर, टँकर, फाटक, कुत्रं, टँकर. प्रत्येक फोटोनंतर सांडू म्हणे, "पुढचा." आवाज चढत नव्हता, उतरत नव्हता. खाली दुकानात कोणी तरी दस्ती-रुमालाचा भाव करत होतं. विश्वजित दोनदा फोन घ्यायला आत गेला, दोनदा परत येऊन दारात उभा राहिला.

तीननंतरच्या एका फोटोत द्वारकाबाई होत्या. शेतांकडून परत आलेल्या, फाटकापाशी, डोक्यावर पदर. पुढच्या फोटोत त्या एका टँकरच्या केबिनजवळ होत्या, मान वर करून बोलत. त्यापुढच्यात त्यांचा एक पाय पायरीवर होता आणि आतून एक हात त्यांना वर घेत होता. त्यानंतरच्या फोटोत टँकरची मागची बाजू होती. नंबरवर चिखल होता, शेवटचे दोन आकडे दिसत होते.

मागं, नळाच्या रांगेत, हंडा होता. एवढ्या लांबून त्याच्यावरचं नाव दिसत नव्हतं. सांडूनं त्याच्यावर बोट ठेवलं.

"ह्यो आमचा," तो म्हणाला.

मग म्हणाला, "आम्ही हिरीत बघत व्हतो."

विश्वजितनं त्याच्यासाठी पाण्याचा ग्लास मागवला. ग्लास डब्याशेजारी तसाच राहिला.

दोन आकड्यांवरून केंद्राच्या मॅनेजरनं फोनवर टँकर कोणता ते शोधून सांगितलं. ड्रायव्हरचं नाव फकिरा. त्याला फोन आमरीनच्या टेबलावरूनच लावला, स्पीकरवर.

"व्हय, बसवलं व्हतं एका आजीला," फकिरा म्हणाला. मागं इंजिन चालू होतं. "म्हणली, देवगावला पाणी घिऊन चाललास का रं बाबा? मी म्हणलं, आजी, मी इथल्या सातारा परिसरातल्या सोसायट्यांत चाललो, देवगाव कुठं अन् मी कुठं. तर म्हणली, म्हैस तहानली, तिथवर तर ने. तर मंग नेलं. कोण हाये ती?"

"कुठं उतरवलं?" आमरीननं विचारलं.

"महानुभाव आश्रमाच्या चौकात. मला तिथून बायपासला वळायचं व्हतं. म्हणलं, आजी, इथून रिक्षानं स्टँडवर जा, तिथं देवगावला जायला कन्नडकडची गाडी भेटंल. पैसे हायेत का म्हणलं, तर कमरंची पिशवी दावली."

"किल्ली व्हती तिच्यात," सांडू म्हणाला. "पैसे नव्हते."

फोनवर इंजिन बंद झालं.

"मला कोणी इचारलंच नाय भाऊ," फकिरा म्हणाला. "रोज तिथंच येतो मी. रोज."

सांडूनं डबा उचलला. जिन्यापाशी थांबून म्हणाला, "मॅडम, तो पायरीवरचा द्या छापून. त्यात लुगडं नीट दिसतंय." आमरीननं प्रिंट काढून दिली. त्या दिवशी तो ड्यूटीवर गेला नाही.

त्याच दुपारी आमरीननं पोलिसांना लेखी कळवलं. यादी हजारावर तुटत होती, दोष आपल्या कोडचा होता, लाइट गेलेली नव्हती. विश्वजितनं ते वाचलं, सही करायला नकार दिला, आणि पाठवू दिलं. संध्याकाळी तिनं दुरुस्ती केली. एपीआय आता खूण परत दाखवते आणि यादी संपेपर्यंत विचारत राहते. इतर गिऱ्हाइकांच्या फोल्डरांतही नवी नावं दिसू लागली.

पोलिसांनी फकिराचा जबाब घेतला. द्वारकाबाईंना चौकात उतरून रस्ता ओलांडताना त्यानं आरशात पाहिलं होतं, कोणत्या बाजूला गेल्या ते नाही. चौकातल्या तीन दुकानांना कॅमेरे आहेत. तिन्हींकडेही त्या तारखेचं काही उरलेलं नव्हतं. बसस्थानकावर पत्रक लावलं आहे. सांडू देवगाव रंगारीला जाऊन आला. घराला कुलूप तसंच आहे. त्याची किल्ली द्वारकाबाईंकडे आहे.