माझ्यासमोर शहाणा

भरे गावच्या डेअरीसाठी मी लिहिलेला प्रोग्राम अडेलतट्टू निघाला, आणि वर दुटप्पी. सकाळच्या ऐन गर्दीत अडून बसायचा आणि मी जाऊन समोर उभी राहिले की गुणी बाळासारखा चालायचा. डॉक्टर दारात आला की ताप पळतो, तसं. लोकांनी तक्रार करावी, मी तावातावाने जावं आणि तिथे सगळं आलबेल असावं. शेवटी गावात लोक मलाच हसायला लागले.

मी अपूर्वा, मूळची लातूरची. नोकरी हिंजवडीत आणि राहायला भऱ्यात, रत्नाबाईंच्या गोठ्यावरच्या खोलीत भाड्याने. डेअरीचा जुना कॉम्प्युटर शेवटच्या घटका मोजत होता, तेव्हा "बघते मी" असं मीच आगाऊपणे म्हटलं होतं. त्यावर लिनक्स बसवलं आणि दुधाच्या नोंदीचा प्रोग्राम लिहिला. काट्यावरून वजन येतं, मशीनवरून फॅट येते आणि भाकरीएवढं हिरवं बटण दाबलं की नोंद होते. डाव्या हाताला वरच्या कोपऱ्यात डेअरीच्या चिन्हासाठी थोडी जागा मोकळी सोडली होती. चिन्ह अजून कुणी ठरवलेलं नाही, कारण त्यावर बैठकीत भांडणं होतात.

हिरवं बटण दाबायला बसायचे वाल्मीककाका. डेअरी सुरू झाली तेव्हापासून ती खुर्ची त्यांची. प्रोग्राम अडला की काहीही दाबा, पडद्यावरची खिडकी हूं की चूं करत नसे. मग काका कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू करायचे. तोवर रांग रस्त्यापर्यंत जायची आणि लोकांच्या जिभा सैल सुटायच्या.

मी उपाय कमी केले नाहीत. काट्याची वाट बघताना खिडकी गोठत असेल म्हणून ते काम मुख्य प्रोग्रामपासून वेगळं काढलं. फॅटच्या मशीनची केबल बदलली. प्रोग्राम कुठे कोलमडतोय का ते तपासलं, तर कुठेच नाही. हात टेकले मी.

अशात एका संध्याकाळी डेअरीचे चेअरमन चंद्रकांतराव सगळ्यांदेखत म्हणाले, "वाल्मीक, उद्या पन मशीन अडलं, तर मी शहरातल्या कंपनीचं बोलावनार. त्यांचा मानूस त्यांच्यासंगंच येतो. मग तुला हितं काय काम ऱ्हानार न्हाई."

काकांनी खांद्यावरच्या टॉवेलने काटा पुसायला घेतला. मला मात्र संताप आला, आणि तो चेअरमनचा नव्हता, माझाच होता. चूक माझ्या प्रोग्रामची आणि खुर्ची जाणार एका भल्या माणसाची.

दुसऱ्या दिवशी रत्नाबाईंना पहाटेच कासार आंबोलीला लेकीकडे जायचं होतं. निघताना त्यांनी किटली माझ्या हातात दिली. "एवढं दूध घाल बाई डेअरीत. म्हस नवी व्याली हाय, आजपास्नं तिचंच दूध हाय, सांग वाल्मीकला." थंडी कडाक्याची होती, म्हणून त्यांचा लोकरी स्कार्फ डोक्याला गुंडाळून मी रांगेत उभी राहिले. डेअरीत मी येतेय हे कुणालाच माहीत नव्हतं.

माझा नंबर आला. काकांनी वर न बघता किटलीवरूनच "रत्नाबाईंचं ना?" म्हणून नाव काढलं, दूध काट्यावर ठेवलं, थोडं फॅटच्या मशीनला लावलं आणि हिरवं बटण दाबलं. प्रोग्राम अडला. काकांनी आणखी दोनदा दाबलं. मागून कुणीतरी "झालं का सुरू!" म्हणून ओरडलं.

मी पडद्याकडे वाकून बघितलं. डेअरीच्या चिन्हासाठी सोडलेल्या माझ्या मोकळ्या जागेत एक पांढराशुभ्र बैल उभा होता. शिंगांना गोंडे, अंगावर गुलाल, आणि चेहऱ्यावर असा रुबाब की डेअरी त्याच्याच मालकीची.

"काका, हा कोण?"

काका दचकले. "ताई! तुमी? आवो, सांगून यायचं न्हाई व्हय!" असं म्हणत त्यांनी झटक्यात तो फोटो बंद केला.

बैल गेला आणि त्याच्या मागून एक छोटी चौकट बाहेर आली. तिच्यात लिहिलं होतं, "फॅट कालपेक्षा खूप वेगळी आहे. नोंद करू?" खाली हो आणि नाही. काल रत्नाबाईंनी गाईचं दूध घातलं होतं, आज म्हशीचं. प्रोग्राम अडलाच नव्हता. बिचारा बैलामागे उभा राहून उत्तराची वाट बघत होता, आणि तोवर पुढचं काम त्याने रोखून धरलं होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"मी येते तेव्हा हा फोटो कुठे असतो?"

"तुमी येनार कळलं की बंद करतो. पाव्हनं यायचं म्हनल्यावर आपन घर आवरत न्हाई का?" काका ओशाळून म्हणाले. "सोन्या हाय त्यो माझा. दिवाळीत गेला. घरी फोटो लावला तर मंडळी रडतीया. हितं कोपरा मोकळा दिसला, म्हनून ठेवला. सारका झाकला जायचा, म्हनून 'कायम वर' करून ठेवला."

मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. चूक माझीच होती. अशा चौकटीला तिची मूळ खिडकी कोणती ते सांगून ठेवायचं असतं, मग ती त्या खिडकीच्या मधोमध उघडते. ते सांगायला मी विसरले होते, म्हणून ती बेवारशासारखी कोपऱ्यात जाऊन बसायची, नेमकी सोन्याच्या पाठीमागे. मी काकांना बाजूला सरकवलं आणि तिथेच ती एक ओळ लिहिली. रांगेतल्यांनी मला ऐकू येईल अशा आवाजात माझा उद्धार केला, पण तेवढ्यात काम झालं.

इतक्यात चेअरमन आले. "अडलं ना?"

"अडलं होतं," मी म्हटलं. "आता बघा. काका, सोन्याला लावा परत."

काका जागचे हलेनात. चेअरमनकडे बघत त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, "काका, तो नसला तर काही सिद्धच होणार नाही." मग त्यांनी नाइलाजाने फोटो उघडला आणि कोपऱ्यात नेऊन ठेवला. रत्नाबाईंच्या दुधाची नोंद व्हायची राहिलीच होती. काकांनी हिरवं बटण दाबलं, चौकट थेट पडद्याच्या मधोमध आली, काकांनी "हो" केलं आणि पावती छापून बाहेर पडली.

मी यायच्या आधी काका हा फोटो लपवायचे म्हणून चूक सापडत नव्हती, असं मी चेअरमनना सांगितलं, पण ते पावतीकडे बघतच नव्हते. "आरं, ह्यो सोन्या न्हाई का? शर्यतीच्या घाटात पयला आल्याला?"

"व्हय."

"मग लपवत कशाला हुतास?"

"कामाच्या जागी बैल बघून तुमी खुर्ची काडून घ्याल, आसं वाटलं," काका हळूच म्हणाले.

"येड्या, खुर्ची बैलापायी जात नव्हती. तू त्याला लपवत हुतास, त्यापायी चालली हुती!" चेअरमननी फोन बाहेर काढला. "कंपनीवाल्याला सांगतो, येऊ नगंस म्हनून."

काका हसले नाहीत. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले, सोन्याला होता तिथेच राहू दिलं आणि रांगेकडे बघून ठणठणीत आवाजात म्हणाले, "आना म्होरं, किटली आना!"