चौदा हात, चौदा बोटं

हात एक

होडी घरामागच्या परसात बांधली, कारण समुद्राकाठी पुळणीवर बांधली असती तर वाडीला कळलं असतं. आणि वाडीला कळलं की महिपतला कळतं.

महिपत हा सदूचा चुलतभाऊ. शेजारीच राहतो. त्याची मोठी बोट आहे आणि सदू बावीस वर्षं तिच्यावर तांडेल आहे. तांडेल बोट चालवतो. बोट ज्याची असते तो घरी असतो.

सदूला स्वतःची हवी होती. लहान. दोन माणसं, एक मशीन, चार जाळी. पहाटे निघायचं, दुपारी जेवायला घरी. नारळी पौर्णिमेला नारळ सोडून ती पाण्यात घालायची. त्या दिवशी ती पाण्यात नसली, तर पुन्हा महिपतच्या बोटीवर चढायचं.

हात दोन

परसातून समुद्राकडे एकच वाट. एका बाजूला जांभ्याची कापलेली दरड, दुसऱ्या बाजूला महिपतची जाळी ठेवायची खोली. चिऱ्यांची. तिच्या कोपऱ्याशी वाट वळते.

सदू वेडा नाही. त्याने आधी माप घेतलं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. असे आपले चौदा हात भरणारा बांबू तोडला, होडीच्या रुंदीसाठी मधोमध एक काठी आडवी बांधली, पुढचं टोक बायकोला धरायला दिलं आणि वळणातून फिरवला. गेला. दोन बोटं जागा उरली.

"बांबू गेला म्हणून होडी जाईल होय?" नम्रता म्हणाली.

"बांबूची बहीण समज."

"मग बहिणीला सांगा, पोट आत घे."

हात तीन

होडी बांधायला बुरोंडीचा काशीराम यायचा होता. फोनवर ठरलं.

"किती हात?"

"चौदा."

"मालकाची काठी काढून ठेव. मी माझ्या हाताने मापत नाय. माझा हात लांब, दुसऱ्याचा आखूड, मागून भांडणं. एक हाताची काठी असली की वाद नाय."

"ठेवतो."

सदूने काठी काढून ठेवली.

हात पाच

पावसाळी मासेमारी बंदीचे दोन महिने. ताडपत्रीखाली ठोकाठोक. कोणी विचारलं तर कोंबड्यांचा खुराडा.

एकेक वस्तू पोत्यात घालून आली. नांगर. वल्ही दोन. शिशाच्या गोळ्या. लाइफ जॅकेटं दोन. एक नम्रताने घालून पाहिलं आणि ते तसंच घालून भाकऱ्या भाजल्या. मशीन खोक्यात, खोक्यावर गोधडी. महिपतची बायको साखर मागायला आली, ती त्याच्यावरच बसली.

"नवीन दिवाण घेतलास काय रे, सदू?"

"होय, वयनी."

"कडक आहे."

हात सात

पौर्णिमेला सहा दिवस. सकाळी ताडपत्री काढली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. बारा माणसं जमली. खाली ओंडके घातले. ढकलायला हात लागले, ओरडा झाला, होडी उतारावरून निघाली, हिरवी, नवी, रंगाचा वास मारणारी, आणि तशीच वळणाशी जाऊन

हात आठ

अडकली.

नाळ, म्हणजे पुढचं टोक, दरडीत. मागचं टोक खोलीच्या कोपऱ्यावर. कुशीवर केली, तरी लांबी तीच. उचलावी तर एकीकडे छप्पर, दुसरीकडे दरड. क्रेन रस्त्यापर्यंत येते आणि रस्ता नारळींच्या पलीकडे. मागे चढ. बारा माणसांनी उतारावरून सोडलेली होडी बारा माणसांना चढावर हलेना.

काशीरामने बांबू मागवला आणि होडीवर ठेवला. होडी लांब होती.

"काठी आण."

काठी त्याने सदूच्या हाताशी धरली. काठी बोटभर पुढे गेली. चौदा वेळा बोटभर.

"ही कोणाची काठी?"

"मालकाची."

"कोण मालक?"

काठी महिपतच्या हाताची होती. महिपतच्या बोटीवर केबिनच्या खिळ्याला टांगलेली असायची. जाळी मापायला. बंदीत जाळी विणायची म्हणून सदूने ती घरी आणली होती. बावीस वर्षं कोणीही 'मालकाची काठी आण' म्हटलं, की त्याने हीच आणली.

"मालक तू रे, मेल्या!" काशीराम ओरडला. "होडी कोणाची? काठी तुझ्या हाताची कापायची होती!"

बारा माणसांतलं कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

हात नऊ

होडी वाटेतच राहिली. कोंबडी आत जाऊन बसायला लागली. पलीकडच्या धोंडूबाईची देवळात जायची वाट तीच. वय सत्तरच्या वर. ती पाटावर पाय ठेवून होडीत चढायची आणि दुसऱ्या बाजूने उतरायची, रोज दोनदा.

"तिकीट किती रे, सदू?"

"तुला फुकट, आये."

"मी आठ वेळा गेले तुझ्या होडीतून. तू एकदा तरी गेलास?"

सदू परसात बसून राहायचा. समोर होडीची पाठ. तिच्यापुढे भिंत. समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही. आधीही दिसत नव्हता तिथून. पण आधी त्याने तो तिथून शोधला नव्हता.

हात अकरा

पौर्णिमेला दोन दिवस. महिपत आला. रागावला नाही. होडीच्या कडेवर हात ठेवून उभा राहिला.

"लाकूड चांगलं घेतलंस."

"होय."

"सांगितलं असतंस तर मी नाय म्हटलं असतं काय?"

सदूला ते माहीत नव्हतं. महिपतलाही नसावं.

"खोलीचा कोपरा माझाच," महिपत म्हणाला. "पाडतो. एवढं काय त्यात? पण आता पावसात भिंत उघडी टाकली तर जाळी भिजतील. हंगाम संपू दे. मे महिन्यात काढतो. तोवर असू दे होडी, कुठं पळतेय? नवी ताडपत्री देतो. परवा तू बोटीवर ये. तुझ्याशिवाय बोट चालते होय?"

सगळं खरं होतं. एकही शब्द वाईट नव्हता.

"बरं, मालक," सदू म्हणाला.

जमिनीवर सदू त्याला दादा म्हणायचा. मालक फक्त बोटीवर.

महिपतने होडीवरचा हात काढला, पँटीला पुसला आणि घरी गेला. हात ओला नव्हता.

हात बारा

"काय म्हणाले?" नम्रताने विचारलं.

"मे महिन्यात."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

सदूने सांगितलं. शब्द जसा होता तसा.

नम्रताने हातातली परात खाली ठेवली. "बुरोंडीचा फोन लावा," ती म्हणाली. मग थांबली. "नाय. लावायचा तर तुम्हीच लावा, नायतर राहू दे."

हात तेरा

"कापायची?" काशीराम फोनवर किंचाळला. "नवी होडी? मागचं फळकुट काढून आत बसवावं लागेल. बसकी दिसेल. बदकासारखी."

"दिसू दे."

"नवा जोड पक्का व्हायला महिना लागेल. मशीन नाय लटकवता येणार त्याच्यावर. भर समुद्रात नाय जायचं. खाडीच्या तोंडापर्यंत वल्ही मारत बसशील."

"बसेन."

"महिपत कोपरा पाडतोय म्हणे."

"उद्या सकाळी ये," सदू म्हणाला. "करवत आण. काठी माझ्याकडं आहे."

"परत काठी?"

"दुसरी."

हात चौदा

सकाळी सदूने नाळेवर कोपर टेकवलं आणि हात कडेवर पसरला. मधल्या बोटापाशी पेन्सिलीची रेघ. तिथे पुन्हा कोपर. रेघ. काशीराम मागून नवी काठी लावून ताडून पाहत होता. वाटेत बाया थांबल्या होत्या. सात. आठ. मोजताना माणूस होडीवर पालथा पडून सरपटतो आहे असं दिसत होतं. तेरा. चौदा.

पुढे चौदा बोटं होडी उरली. हिरवी. तिच्यावर रंगाचा तिसरा हात नम्रताने दिला होता.

चौदा बोटं

"थांबा रे!" धोंडूबाई होडीत मधोमध उभी होती. "मला उतरू दे, मग कापा."

तिला उतरवलं. करवत सदूने घेतली. काशीराम म्हणाला, दे इकडे, वाकडी कापशील. सदूने दिली नाही.

आवाज ऐकून महिपत खोलीच्या दारात आला.

"काय कापतोस रे?"

"होडी, दादा."

"वेडा झालास काय? मे महिन्यात पाडतो म्हटलं ना!" तो कोपऱ्याकडे पाहत राहिला. "बरं, थांब. उद्या पाडतो. जाळी भिजली तर भिजली. थांब सदू, ऐक."

करवत फळीत दोन बोटं आत गेली होती. तेवढी खाच बुजवता आली असती. सदू थांबला. नम्रता परसदारात उभी होती.

"दादा," सदू म्हणाला, "तुमची काठी खिडकीत ठेवलीय. न्या."

आणि त्याने पुन्हा करवत ओढली. वाकडीच चालली होती. काशीरामने तोंड फिरवलं. भुसा महिपतच्या भिंतीवर उडत होता.