अठरा किलोची मांजर

साल्वोरकडे कुत्रा आहे हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे त्याला मांजर म्हणत.

त्या काळी आमच्या रेक्याविक शहरात कुत्रा पाळायला बंदी होती. घोडे चालत. शहराच्या कडेला हौसेने मेंढ्या पाळणारेही होते. कुत्रा मात्र नाही. सापडला तर पोलीस घेऊन जात, आणि मग तो परत येत नसे. म्हणून पोहायच्या तलावावर, गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून लोक सांगत, "आमच्या मांजरीचा पंजा चिरलाय, मलम कुठलं चांगलं?" आणि ऐकणारा गंभीरपणे मलमाचं नाव सांगे. कुणी हसत नसे. हसलं असतं तर सगळंच उघडं पडलं असतं.

साल्वोर माझ्या वरच्या मजल्यावर राहायची. नवरा गेल्यावर उत्तरेकडचं शेत पुतण्याच्या हवाली करून ती शहरात आली, येताना कोपुरला कोटाखाली घेऊन आली. तो तेव्हा पिल्लू होता. आता चांगला थोराड झाला होता. तांबूस केस, पाठीवर वळलेली शेपटी. मेंढ्या वळणाऱ्या जातीचा. शहरात वळायला मेंढ्या नव्हत्या, म्हणून तो मला वळायचा. मी ग्रंथालयातून निवृत्त झालेला एकटा माणूस. पुस्तक घेऊन जिन्यात बसलो आणि दुपार टळली, की तो माझ्या पोटऱ्यांना नाक लावून ढकलत मला साल्वोरच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडी. मला कुत्रे आवडतात की नाही हे मला आजही नीट सांगता यायचं नाही. पण त्याच्यामुळे मी वेळेवर जेवू लागलो, एवढं खरं.

हे घडलं ते शरदात, मेंढ्यांच्या कत्तलीच्या हंगामात. त्या दिवसांत आमच्याकडे घरोघर मेंढीच्या पोटाच्या पिशव्या करून त्यात रक्त, राय नावाच्या धान्याचं पीठ आणि चरबी भरतात, शिवतात आणि हिवाळाभर पुरेल एवढ्या उकडून ठेवतात. साल्वोरने काळजं आणि फुप्फुसं मागच्या अंगणात टबात भिजत घातली होती आणि आम्ही दोघं आत सुईदोरा घेऊन बसलो होतो.

"तुझे टाके म्हणजे पुस्तकातल्या तळटीपा आहेत," ती म्हणाली. "कुठून निघतात आणि कुठे जातात, देव जाणे."

मी उसवायला घेतलं. मागचं दार लोटलं होतं, कडी लावली नव्हती. कोपुर कधी बाहेर गेला ते आम्हाला कळलं नाही. कळलं ते कुंपणापलीकडच्या आर्नग्रीमुरच्या ओरडण्याने.

"साल्वोर! कुत्रा! तुझा कुत्रा कच्चं काळीज खातोय!"

गल्लीत तो शब्द मोठ्याने उच्चारलेला मी पहिल्यांदा ऐकला. आम्ही धावलो तोवर कोपुर ओठ चाटत होता.

आर्नग्रीमुर निवृत्त सुतार. त्याने आजवर कोपुरला कधी मांजर म्हटलं नव्हतं आणि कुत्राही म्हटलं नव्हतं. कोपुर दिसला की तो नुसता खिडकी लावून घ्यायचा. आता तो कुंपणाला धरून उभा होता.

"काळजात पाण्याचे फोड असतात ठाऊक आहे ना तुला? ते कुत्र्याने खाल्ले की त्याच्या पोटात किडे होतात. त्यांची अंडी त्याच्या अंगाला लागतात, त्याच्या जिभेला लागतात, आणि मग माणसाच्या पोटात जातात. माझ्या आईच्या पोटात गेली होती. पोट घागरीएवढं झालं होतं तिचं. मी शेजारच्या खोलीत असायचो, साल्वोर. मला सगळं ऐकू यायचं."

"मला तुझ्या आईचं ठाऊक आहे," साल्वोर हळू म्हणाली.

"मग उद्या सकाळी मी पोलिसात जाणार आहे हेही ठाऊक असू दे. पाठीमागून केलं म्हणू नकोस."

"जा की," ती म्हणाली. "बूट घालून जा, रस्ता निसरडा झालाय."

आत आल्यावर मात्र ती बाकावर मटकन बसली. मी सुचवलं, कोपुरला पुतण्याकडे शेतावर धाडू या. मला वाटलं, शहाण्यासारखं बोललो.

"आणि मग? तिथे मी नसेन, आणि इथे तो नसेल. तो शहरात आला तेव्हा माझ्या दोन्ही मुठींत मावत होता. नाही. लपवणं पुरे झालं. आर्नग्रीमुरचं म्हणणं खोटं नाही, म्हणून त्याला खोटं उत्तर द्यायचं नाही. कुत्रा धुवायचा."

धुवायचा म्हणजे नुसता अंगाने नव्हे. खेड्यांत दरवर्षी कत्तल झाली की गावचा कुत्रेधुव्या येई. सगळे कुत्रे उपाशी ठेवून एका खोपटात कोंडी, जंताचं कडक औषध पाजी, पोट पार रिकामं होईपर्यंत दार बंद. मग आतलं सगळं जाळायचं आणि कुत्र्यांना सोड्याच्या पाण्याने घासायचं. साल्वोरचा नवरा हेच काम करायचा. शहरात असा माणूस नव्हता, कारण शहरात कुत्रेच नव्हते.

"एकदा आत्ता, आणि हंगाम संपल्यावर परत एकदा," ती म्हणाली. "तो असंच करायचा. तू औषध आण. मांजरीसाठी म्हण. अठरा किलो."

"अठरा किलोची मांजर?"

"तू विद्वान माणूस आहेस. काहीतरी सांगशीलच."

औषधांच्या दुकानात शनिवारची रांग होती. एका कपाटात जनावरांचं सामान मांडलेलं: पिसवांची पावडर, कानाचे थेंब, बारीक दातांचे कंगवे, पंजाला बांधायच्या पट्ट्या. प्रत्येक डबीवर मांजरीचं चित्र. एक गळपट्टा वासराच्या गळ्याला बसेल एवढा होता, त्याच्या पुठ्ठ्यावरही मांजरच. मी मनातल्या मनात वाक्य घोकत पुढे सरकलो. अनोळखी माणसाशी बोलायचं असलं की मला तसं करावंच लागतं.

"जंताचं औषध हवं होतं," मी म्हणालो.

"कुणाला?" गल्ल्यामागच्या बाईंनी विचारलं.

"मां... मांजरीला."

"वजन?"

"अठरा किलो."

मागे कुणीतरी खोकलं. बाईंचा चेहरा हलला नाही. "खात्यापित्या घरची दिसते. पण हे बघा, मांजरीचं औषध निराळं. कमी पडलं तर किडे मरत नाहीत, जास्त झालं तर जनावर मरतं. मी मेंढीसाठी दिलं असं म्हणते. मेंढी चालेल तुम्हाला?"

त्या मला वाट काढून देत होत्या. मी हो म्हणायला हवं होतं. पण आयुष्यभर मी प्रत्येक पुस्तक ज्या कप्प्यातलं त्याच कप्प्यात ठेवत आलो. चुकीच्या कप्प्यात गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं. मांजर, नाहीतर मेंढी. ज्याला आम्ही जगवू पाहत होतो, त्याला नावाने जागाच नव्हती.

"कुत्र्याला," मी म्हणालो. आवाज माझा मलाच फार मोठा वाटला. "कुत्रा आहे. कोपुर नाव त्याचं. त्याने कच्चं काळीज खाल्लंय."

रांगेतली डोकी माझ्याकडे वळली. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मग आधी सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "उपाशी ठेवलाय? पाणी द्या, खायला काही नाही. आणि औषध दिलं की दार उघडायचं नाही."

मी वळलो तेव्हा मागचा लोकरी स्वेटरातला दांडगा माणूस पुढे झाला. "मलाही तेच द्या," तो म्हणाला. "मांजरीलाच." मग माझ्याकडे चोरून पाहत पुटपुटला, "बावीस किलो."

अंगणातल्या माझ्या पत्र्याच्या खोपटात पुस्तकांची खोकी होती. ती मी घरात आणून पलंगावर रचली. झोपायला खुर्ची उरली. खोपटात आम्ही गवत आणि राख पसरली. सकाळी साल्वोरने कोपुरचा जबडा उघडून औषध पाजलं. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हे मीच सुचवलं होतं. मग दाराला कडी घातली, आणि ती वर पाणी तापवायला गेली.

तेवढ्यात पोलीस आला. बेर्गस्वेन त्याचं नाव. उंच, पूर्वेकडच्या खेड्यातला, आमच्या भागात नेहमी फिरणारा. त्याच्यामागे आर्नग्रीमुर आला, पण कुंपणाच्या पलीकडेच थांबला. दाराशी मी एकटा. मी वर पाहिलं. खिडकीच्या काचेवर नुसती वाफ होती.

"नमस्कार, एयोल्फुर," बेर्गस्वेन म्हणाला. "आत काय आहे?"

मी दारासमोर सरकलो. आतून कोपुरने कण्हल्यासारखा आवाज केला. बेर्गस्वेनने टोपी मागे सारली.

"मांजर असेल तर माझं इथे काही काम नाही. मांजर आहे का?"

एक शब्द पुरला असता. पण कुंपणापाशी आर्नग्रीमुर उभा होता, आणि शेजारच्या खोलीतून आईचं कण्हणं ऐकलेल्या माणसासमोर हे खोटं माझ्या तोंडून निघेना.

"कुत्रा आहे," मी म्हणालो.

"अरेरे. हे म्हणायला नको होतं तुम्ही."

"आणि तो तुम्हाला मिळणार नाही."

"बाजूला व्हा."

"नाही." मी पाठ दाराला टेकवली. "मी होणार नाही बाजूला. आधी मला उचला. मी हलका आहे, तुम्हाला जमेल."

बेर्गस्वेनने उसासा टाकला, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा कडीकडे नेला.

"दार उघडू नका!"

आर्नग्रीमुर कुंपण ओलांडून आला होता. त्या वयात, कसा आला कोण जाणे. त्याची विजार फाटली होती. तो माझ्या शेजारी येऊन दाराला पाठ लावून उभा राहिला.

"अक्कल आहे का? कोंडलाय म्हणजे औषध दिलंय त्याला! आतलं सगळं बुटाला लावून शहरभर नेणार आहेस?"

"आर्नग्रीमुर," बेर्गस्वेन म्हणाला, "तक्रार तुमचीच ना?"

"माझीच! म्हणून तर सांगतोय! खेड्यातला ना तू? बापाने काही शिकवलं नाही?"

बेर्गस्वेनचा हात कडीवरून खाली आला. खेड्यातलाच तो, चालू धुण्यात खोपट उघडायचं नसतं हे त्याने लहानपणीच ऐकलं असणार. तो टबाच्या काठावर बसला. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, खांद्याला खांदा लावून, एकमेकांकडे न बघता.

पोट रिकामं झाल्याची खात्री झाल्यावर साल्वोर बादल्या घेऊन उतरली. रबरी हातमोजे, कोपरापर्यंत. गवत जाळलं, फरशी उकळत्या पाण्याने धुतली, आणि कोपुरला अंगणात मधोमध उभं करून घासायला घेतलं.

"कानामागे," आर्नग्रीमुर लांबून म्हणाला. "शेपटीखाली परत एकदा. परत."

"मग तूच ये ना."

तो पुढे आला नाही. पण कडू औषध प्यायल्यासारखा चेहरा करून त्याने लांब दांड्याचा डाव उचलला आणि हात ताणून पाणी ओतू लागला. कोपुरने अंग झाडलं आणि आम्ही सगळे भिजलो, पोलिसासकट.

"झालं," बेर्गस्वेन उठत म्हणाला. "आता मला त्याला न्यावं लागेल."

साल्वोरने हातमोजे काढले. "ने. पण तो माझ्या दोरीने चालत येईल, मुख्य रस्त्याने, सगळ्यांसमोर. आणि गोळी घालणार असाल तर मी तिथून हलणार नाही. मला कोंडा, नाहीतर उचलून फेका."

"मीही येणार," मी म्हणालो. कुणी विचारलं नव्हतं.

आर्नग्रीमुर डाव हातात घेऊन उभा होता. "तक्रार मी मागे घेत नाही," तो म्हणाला. "पण हंगाम संपला की याला परत धुवायचंय. खेड्यात करतात तसं. मी बघणार आहे स्वतः. मेलेला कुत्रा कसा धुणार?"

"म्हणजे तक्रारही ठेवायची आणि कुत्राही ठेवायचा?"

"ठेवायचा असं कोण म्हणतंय? धुतलेला हवा. आणि पुढच्या शरदातही."

बेर्गस्वेनने त्याच्याकडे पाहिलं, मग ओल्या कोपुरकडे, मग स्वतःच्या ओल्या विजारीकडे.

"तक्रार उभी आहे तोवर चौकशी चालू," तो सावकाश म्हणाला. "आणि चौकशी चालू आहे तोवर कुत्रा जिवंत लागेल, इथेच, साल्वोरकडे. वरून मला विचारलं तर मी असं सांगेन. पण आर्नग्रीमुर, तक्रार मागे घेतलीत तर मात्र सगळं संपलं."

"मी मेलो तरी मागे घेणार नाही," आर्नग्रीमुर संतापून म्हणाला आणि या वेळी फाटकातून घरी गेला.

त्याच दुपारी साल्वोरने कोपुरला दोरी बांधली. कोटाखाली लपवणं नाही, टोपलीत झाकणं नाही. आम्ही मुख्य रस्त्याने उतारावरून बंदराकडे नुसतं फिरायला निघालो. लोक थांबून पाहू लागले. खिडक्यांचे पडदे हलले. माझ्या मनात आलं, परत फिरावं. तेव्हा कोपुरने माझ्या पोटरीला नाक लावलं आणि पुढे ढकललं.

कोपऱ्यावर दुकानातला तो लोकरी स्वेटरवाला दांडगा माणूस उभा होता. त्याने टोपी उचलली.

"छान मांजर आहे," तो म्हणाला.

"कुत्रा आहे," मी म्हणालो. तो पुढे गेला होता, तरी मी आणखी एकदा म्हणालो, आधीपेक्षा मोठ्याने. "कुत्रा."