माझ्या फळीवरचं हळदीचं बोट

मित्रांनो, आधी हात पुसा, मग माझ्या काचेला लावा. भज्यांचं तेल लागलं की चार दिवस निघत नाही, आणि पुसायला तुम्ही काही येत नाही.

मी एक जुनी शोकेस आहे. नागभीडला स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर अयूबभाईंचा 'रोशन फोटो स्टुडिओ' आहे, त्याच्या दारात मी उभी असते. शोकेस हे माझं कागदावरचं नाव. गावात मला सगळे पेटी म्हणतात. १९९१ साली दसरू सुताराने मला आलापल्लीकडच्या सागवानातून घडवलं. माझ्या एकाही फळीला जोड नाही. आजकालच्या प्लायवूडच्या कपाटांनी माझ्याशेजारी एक पावसाळा काढून दाखवावा, पोट फुगून दार लागायचं नाही त्यांचं.

शिक्षणाचं विचाराल तर ते बेताचंच. काचेवर रंगवलेलं दुकानाचं नाव मला आतून उलटं दिसतं. तेवढं उलटं वाचायला मी शिकले, सुलटं कितीतरी वर्षं येत नव्हतं. माणसं मात्र मी पहिल्या दिवसापासून सुलटी वाचते.

माझ्या पाठीच्या फळीवर चोवीस खिळे आहेत. एका खिळ्याला एक फोटो. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? सांगते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. लाकडी पाळणे येतात, मिठाईची दुकानं लागतात, लेकीबाळी माहेरी येतात आणि घरोघरी पाहुणे उतरतात. पाहुण्यांचं एक लक्ष पाळण्याकडे आणि दुसरं कोणाची मुलगी लग्नाची झाली याकडे. अयूबभाई सायकलला पडदा बांधून प्रत्येक मंडईत जायचे. चांगला फोटो निघाला की मुलीला आणि तिच्या आईला दोघींना विचारायचे, "बाई, पेटीत लावू काय?" दोघींनी हो म्हटलं तरच तो माझ्या खिळ्यावर चढायचा.

मग बाजाराच्या दिवशी माझ्यासमोर ही गर्दी! धानाच्या पोत्यांच्या बैलबंड्या रस्त्यात अडायच्या. किती सोयरिकी माझ्या काचेवर नाक टेकवून जमल्या, त्याचा हिशोब मी ठेवला नाही. मोठेपणा सांगायची सवय नाही मला. पण जमल्या, पुष्कळ जमल्या.

सोयरीक जमली की फोटो त्याच दिवशी उतरायचा. पहिल्याच वर्षी एका मुलीच्या आईने रिकाम्या खिळ्याखाली हळदीचं बोट टेकवलं आणि म्हणाली, "आता इथी कोणी पाहू नका." तेव्हापासून रिवाजच पडला. लग्न होईपर्यंत त्या जागी दुसरा फोटो लागत नाही. माझी फळी जवळून पाहा, जुनी पिवळी बोटं अजून दिसतील.

पण चांगले दिवस काय कोणाला पुरतात? समोर एक झगमगीत दुकान निघालं. पाच मिनिटांत फोटो, तोही कॉम्प्युटरवर गोरा करून. अयूबभाईंचं गिऱ्हाईक तिकडे वळलं. दोन वर्षं माझ्यात नवा फोटो लागला नाही. उन्हाने आतल्या मुलींचे चेहरे पांढरे पडले, वरच्या कोपऱ्यात कोळ्याने संसार मांडला. एक पानठेलेवाला मला मागून गेला. अयूबभाई म्हणाले, "एवढी मंडई होऊ दे. नाई जमलं तर दुकान बंद करतो, पेटी घेऊन जा." माझ्यात तंबाखूच्या पुड्या! मित्रांनो, त्या दिवशी माझी काच उन्हानं नाही, रागानं तापली होती.

२००६ सालची ती गोष्ट. अयूबभाईंची मुलगी अमरीन ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून शिकून परत आली होती. वडिलांचा कॅमेरा तिने गळ्यात घातला तो काढलाच नाही.

"अब्बा, कॉम्प्युटरवर ऑर्कुट म्हणून हाये," ती म्हणाली. "तिथी फोटो लावले का पुण्या-नागपूरचे लोक पाह्यतात."

"म्हंजे पेटीच न?"

"पेटीच. पण पाहाले नागभीडले यावं नाई लागत."

मी कान दिला. तिथे बाराच फोटो लावता येत होते म्हणे. माझ्यात चोवीस! मी मनात म्हटलं, बघू या, किती दिवस टिकते ही नवी सवत.

अमरीन मंडया फिरली. आल्यावर तिने माझी काच पुसली, कोळ्याला घर बदलायला लावलं आणि चोवीस नवे फोटो लावले. त्यातले बारा सायबर कॅफेत नेऊन ऑर्कुटवर चढवले. सगळ्यात देखणा उर्वशीचा. उर्वशी म्हणजे जवळच्या गावच्या मुखरूभाऊंची मुलगी. लाकडी पाळण्याला टेकून उभी, पाळणा फिरतोय, ती मात्र स्थिर.

आणि काय सांगू! पुण्याला कामाला गेलेली आमच्याकडची मुलं लिहू लागली, 'अरे, ही तर आपली मंडई!' कोणी बहिणीच्या लग्नाचं काम दिलं, कोणी आजीचा जुना फोटो मोठा करून मागितला. महिन्याभरात चार लग्नांची कामं ठरली. पानठेलेवाला आला तसा परत गेला. सवतीचा राग माझाही थोडा उतरला. थोडाच.

पौषाच्या आधी उर्वशीची सोयरीक भद्रावतीच्या गोपालशी जमली. मुलगा नोकरीवाला, उर्वशीच्याही मनातला. अमरीनने त्याच दिवशी फोटो उतरवला, उर्वशीच्या आईने हळदीचं बोट लावलं. सगळं रीतीने झालं. असं आम्हाला वाटलं.

महिन्याने मुखरूभाऊ दुकानात शिरले ते चप्पल न काढताच.

"अयूबभाऊ, पोरीची सोयरीक मोडाले आली!"

"काऊन? काय झालं?"

"तुमच्या पोरीले इचारा! फोटो उतरवला म्हणते, अन् भद्रावतीत लोक पाहूनच राह्यले. गोपालच्या दोस्तानं त्याले दाखवला. खाली कोणी लिहून ठेवलं, पोरगी कोणाची, बापाचा फोन पाठवा. त्याची माय म्हणते, ठरलेली पोरगी अजून दाखवून राह्यले काय?"

अमरीनचा चेहरा माझ्या त्या उन्हातल्या फोटोंसारखा झाला. "काका, पेटीतून उतरवला तं मले वाटलं उतरला. तिथून उतरवाचा राहूनच गेला."

अयूबभाई ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तिथी लावाले कोणाले इचारलं होतं?"

"पेटीले तं हो म्हटलं होतं त्यायनं..."

"पेटीले हो म्हटलं म्हंजे साऱ्या दुनियेले हो म्हटलं काय?"

अमरीन पळतच कॅफेत गेली आणि ऑर्कुटवरचा फोटो उतरवून आली. पण मुखरूभाऊ मान हलवत म्हणाले, "आता उतरवून काय? गोपालची माय म्हणते, पेटीतलाबी कालच उतरवला असन. उद्या स्वतः पाहाले येते."

अयूबभाई खुर्चीत बसून राहिले. चाळीस कोसांत ज्या दुकानाने कधी कोणाची लेक उघडी पाडली नाही, त्याच्यामुळे एक लग्न मोडलं तर दार उघडायचं कोणत्या तोंडाने? मग पानठेलेवाला न बोलावताच मला न्यायला आला असता.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोपालची आई सुगंधाबाई बसमधून उतरली. पाहुणचाराला मुखरूभाऊंकडे गेली नाही, थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पदर खोचलेला, चष्मा नाकावर. एका नजरेत मी ओळखलं, ही बाई माझ्यासारखीच आहे, सहजासहजी पुसली जाणारी नाही.

"कुठी होता तो फोटो?"

अमरीनने रिकामा खिळा दाखवला. "इथी. सोयरीक जमली तवाच उतरवला. हे उर्वशीच्या आईचं हळदीचं बोट. कॉम्प्युटरातला राह्यला, ती माही चूक. उर्वशीची नाई, तिच्या घरच्याची नाई."

"बोट तं कालबी लावता येते," सुगंधाबाई म्हणाली. तिने माझं दार उघडायला लावलं, हात आत घातला आणि नखाने हळद खरवडली. कालची हळद असती तर नखाला आली असती. ही माझ्या सागवानात मुरली होती. तिने दोनदा खरवडलं, नख पाहिलं, मग आजूबाजूची जुनी, फिकट बोटं पाहिली.

"अन् हे सारे?"

"इथून लगन झालेल्या पोरी," अयूबभाई म्हणाले.

तेवढ्यात मुखरूभाऊंच्या मागोमाग उर्वशी आली. धापा टाकत होती, पण डोळे खाली नव्हते. "मले तुमच्याच घरी याचं हाये," ती सुगंधाबाईला म्हणाली. "पण माया फोटो पेटीबाहेर कुठी लावाचा अन् कवा उतरवाचा, हे मलेच कोणी इचारलं नाई. इचारलं असतं तं म्या सांगतलं असतं."

मुखरूभाऊ दचकले. सुगंधाबाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि हसली. "तोंड तं चालते पोरीचं! बरं हाये. आमच्या घरी एकटीनं बोलून बोलून मी थकून राह्यली."

मग अमरीनकडे वळली. "तुले सजा आता. लगनाचे फोटो तूच काढाचे. अन् आमच्या सुनेले इचारल्याबिगर एकबी त्या कॉम्प्युटरात लावाचा नाई."

लग्न वैशाखात झालं. त्याआधी अमरीन सायकल घेऊन बाकीच्या अकरा घरी जाऊन विचारून आली. दोघींनी नको म्हटलं, त्यांचे फोटो तिने त्याच दिवशी ऑर्कुटवरून उतरवले. कामं कमी होतील असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. विचारून लावणारी फोटोवाली म्हणून ब्रह्मपुरीपासून भद्रावतीपर्यंत बोलावणी यायला लागली. दोन वर्षांनी तिने नवा डिजिटल कॅमेरा घेतला. सवतीशी आता माझं पटतं. ती माणसं दुरून आणते, मी त्यांना उंबऱ्यावर उभं करते.

मित्रांनो, तुमच्या हातात उद्या माझ्यापेक्षा मोठ्या काचा येतील. एका वेळी हजार फोटो मावतील त्यांत. लावताना तुमचं बोट चालेल, तेव्हा आधी तोंडही चालवा. ज्याचा चेहरा आहे त्याला विचारा. उतरवायची वेळ झाली की आठवणीने उतरवा. आणि तुमच्या गावात माझ्यासारखी एखादी म्हातारी दारात उभी असेल, तर महिन्यातून एकदा तिला ओल्या फडक्याने पुसा. ती मागणार नाही, पण तिला आवडतं.

एक गोष्ट राहिली. उर्वशीच्या फोटोची ऑर्कुटवरची जागा रिकामी होती. तिथे काय लावावं ते अमरीनला सुचत नव्हतं. एक दिवस ती रस्त्यापलीकडे गेली, तिने माझ्याकडे कॅमेरा धरला आणि माझा फोटो काढला. चोवीस खिळे, त्यातला एक रिकामा, खाली हळदीचं बोट. नागपूरहून फोटो धुऊन आला, तेव्हा तो तिने माझ्या काचेसमोर धरला. पंधरा वर्षांत मी स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. वर दुकानाचं नाव होतं, सुलटं. मी ते एकेक अक्षर लावत वाचलं. रोशन.

"बाई," अमरीन हळूच मला म्हणाली, "लावू काय?"

मी हो म्हटलं.